टीम वर्कशॉपचा रिव्ह्यू: मुळशीचा रिसॉर्ट सोडा, 'हा माणूस नसेल तर' वाला तास तेवढा घ्या

आमच्या कंपनीत मध्यंतरी एक दिवसाचं टीम वर्कशॉप झालं, 'एकमेकांचं काम ओळखूया' टाइपचं, त्याचा हा रिव्ह्यू. कंपनी भोसरी एमआयडीसीतली, टेल्को रोडपासून आत, प्रेस पार्ट बनवतो, गाड्यांचे ब्रॅकेट, क्लॅम्प वगैरे. मी पीपीसीला म्हणजे प्लॅनिंगला, म्हणजे ज्या डिपार्टमेंटला प्रोडक्शन, स्टोअर, क्वालिटी आणि डिस्पॅच असे चौघंही शिव्या घालतात तिथे. ट्रेनिंग देणाऱ्यांचं नाव लिहीत नाहीये, कारण पुण्यात अशी पॅकेजं बरेच जण विकतात आणि आतला माल उन्नीस-बीस तोच असतो, तेव्हा ती एक संस्था चांगली की वाईट यापेक्षा हा प्रकार तुमच्या कंपनीने घ्यावा का एवढंच सांगतो.

थोडक्यात उत्तर: घ्या, पण अर्धाच घ्या.

आधी वैताग काढून टाकतो. वर्कशॉप ठेवलं गुरुवारी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भोसरी-पिंपरीकडच्या एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही, म्हणजे बँक, आरटीओ, पोराच्या शाळेत भेटायला बोलावलंय ते, सगळं लोक त्याच दिवशी उरकतात. तो दिवस घेतला आणि वर बसने मुळशीला नेलं, नाशिक फाटा, औंध, चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पोचेपर्यंत निम्मी बस झोपलेली. आणि गुरुवार म्हणजे आमच्याकडे कितीतरी जणांचा उपवास, कोणाचा दत्ताचा कोणाचा स्वामींचा, आणि बुफेत चिकन रस्सा, पनीर आणि जीरा राइस. उपवासवाल्यांना शेवटी किचनमधून केळी आणून दिली. एकमेकांना ओळखायचा दिवस ठेवताना कोण काय खातं हे एचआरने एका व्हॉट्सअॅप मेसेजमध्ये विचारलं असतं तरी चाललं असतं, असो. रिसॉर्ट छान होता, तलाव दिसत होता, त्याचा वर्कशॉपशी काही संबंध नाही.

सकाळी तो स्पॅगेटीचा खेळ झाला. बऱ्याच जणांनी केला असेल. स्पॅगेटीच्या २० काड्या, एक यार्ड चिकटपट्टी, एक यार्ड दोरा आणि एक मार्शमॅलो, १८ मिनिटांत जमेल तेवढा उंच मनोरा करायचा आणि मार्शमॅलो टोकावर बसला पाहिजे. आमच्या टेबलावर प्रोडक्शनचे साहेब, डिझाइनचा नवीन पोरगा, मी आणि अजून दोघं, आम्ही पंधरा मिनिटं मस्त बांधत बसलो, शेवटी मार्शमॅलो ठेवला आणि सगळं खाली. पलीकडच्या टेबलावर टूलरूमचे (पत्रा कापायचे साचे म्हणजे डाय सांभाळतात तिथले) काका होते, त्यांनी पहिल्यांदा काय केलं तर एका काडीच्या टोकाला मार्शमॅलो खोचून बघितलं काडी किती वाकते ते, आणि मग बोलले, "वरचं वजन बघितल्याशिवाय खालचं काय बांधायचं." त्यांचा उभा राहिला.

ट्रेनर मॅडमनी मग यामागची गोष्ट सांगितली ती मला आवडली. टॉम वुजेक म्हणून एक डिझाइनवाले आहेत, त्यांनी हा खेळ जगभरात खूप ग्रुपकडून करून घेतला आणि २०१० मध्ये टेडच्या व्याख्यानात त्याबद्दल बोलले. बालवाडीतली पोरं बिझनेस स्कूलच्या पोरांपेक्षा उंच मनोरे करतात, कारण ती मार्शमॅलो सुरुवातीलाच टोकावर लावून बघतात, पडला की परत करतात. आणि दुसरी गोष्ट अशी की नुसत्या सीईओ लोकांचा ग्रुप बसवला तर तो साधारणपेक्षा थोडाच बरा निघतो, पण त्यात एक एक्झिक्युटिव्ह असिस्टंट बसवली की मनोरा चांगलाच उंच होतो, कारण कोणी काय करायचं, कुठे अडलंय, कोण गप्प बसलंय हे ती बघते. हे ऐकल्यावर सगळ्या हॉलने वळून आमच्या अॅडमिनच्या मॅडमकडे बघितलं आणि त्या म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता, मला तर तुम्ही चहाच्या ब्रेकला फोटो काढायला ठेवलंय." खरंच होतं ते, कुठल्याच टीममध्ये नव्हत्या त्या.

मग बेल्बिन. हा भाग तासभर चालला, अर्ध्या तासात झाला असता, पण विषय दमदार आहे म्हणून जरा लिहितो. मेरेडिथ बेल्बिन म्हणून इंग्लंडचे संशोधक, त्यांनी हेन्लीच्या मॅनेजमेंट कॉलेजात मॅनेजर लोकांच्या टीम करून बिझनेस गेम खेळवले आणि वर्षानुवर्षं बघत बसले की कुठली टीम जिंकते. सगळे हुशार एकत्र घालून ज्या टीम केल्या त्यांना अपोलो टीम म्हणायचे, आणि त्या बऱ्याचदा मागे राहायच्या. प्रत्येक जण दुसऱ्याच्या म्हणण्यातली चूक काढण्यात हुशार, आणि करायला लागणारी साधी कामं कोणी करायचंच नाही. त्यावर त्यांचं पुस्तक आलं १९८१ ला. त्यांनी टीममधल्या भूमिका काढल्या, आधी आठ आणि नंतर स्पेशालिस्ट धरून नऊ. कल्पना काढणारा, बाहेरून माणसं नि माहिती आणणारा, सगळ्यांना ढकलणारा, भांडणं मिटवणारा, ठरलेलं करून दाखवणारा, शेवटचा स्क्रू घट्ट आहे का ते तपासत बसणारा, असं.

यातली मला पटलेली गोष्ट म्हणजे बेल्बिन प्रत्येक भूमिकेबरोबर तिचा एक दोषही देतो आणि म्हणतो की हा चालवून घ्यायचा दोष आहे. जो शेवटपर्यंत तपासतो तो उगाच काळजी करणार आणि दुसऱ्याच्या हातात काम देणार नाही. जो कल्पना काढतो तो बारीकसारीक विसरणार. तुम्हाला एक पाहिजे तर दुसरं येणारच. आमच्या क्यूसीच्या म्हणजे क्वालिटीच्या मॅडमबद्दल सगळ्या प्लांटची तक्रार एकच, फर्स्ट पीस अप्रूव्हलला (पहिला पार्ट तपासून पास करायला) वेळ लावतात, गेजने माप बरोबर आलं तरी परत व्हर्नियरने मोजतात, मशीन लावणारा सेटर तोवर उभाच. त्या स्लाइडवर हॉलमध्ये दोन-तीन जण एकदम मॅडमकडे बघून हसले आणि मॅडमही हसल्या. चेष्टेत झालं पण त्यानंतर "मॅडम मुद्दाम अडवतात" हे वाक्य मी तरी फार ऐकलं नाही, आता "मॅडमचा स्वभाव आहे, पाच मिनिटं आधी पीस पाठव" असं म्हणतात. हे साधं वाटतं पण शिफ्ट चेंजला किती भांडणं वाचतात ते प्लॅनिंगवाल्याला विचारा.

पण इथे संस्थेने शॉर्टकट मारला. बेल्बिनच्या मूळ पद्धतीत आपण आपला फॉर्म भरतो तसा बरोबर काम करणारेही आपल्याबद्दल भरतात, आणि खरी किंमत त्या दुसऱ्या फॉर्मला आहे. आमच्याकडून फक्त स्वतःचा भरून घेतला, तोही कसलातरी झेरॉक्स केलेला. निकाल काय आला तर प्रोडक्शनचे साहेब निघाले 'सगळ्यांना सांभाळून घेणारे'. हॉलमध्ये इतका खोकला मी कोविडमध्ये पण ऐकला नव्हता. बुकिंग करताना हे नक्की विचारा, ऑब्झर्व्हर फॉर्म आहे का नाही, नसेल तर तो भाग कापायला सांगा आणि पैसेही कापायला सांगा.

(त्याआधी एचआरने एकदा तो मायर्स-ब्रिग्जसारखा चार अक्षरांचा फुकट ऑनलाइन टेस्टचा प्रकार पण करून घेतला होता, १६ प्रकारची माणसं वाला. लोकांनी आठवडाभर स्टेटसला ठेवलं, मग विसरले. त्यात माणूस एकतर इकडे नाहीतर तिकडे टाकतात आणि बहुतेक लोक असतात मध्ये कुठेतरी, त्यामुळे परत भरला की अक्षर बदलतं. मूळ टेस्टवाले स्वतःच सांगतात की भरतीसाठी हे वापरू नका. टाइमपास म्हणून ठीक.)

जेवणानंतर जो तास झाला त्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला. ट्रेनर मॅडमनी टेबलं मोडली, प्रत्येक टेबलावर वेगवेगळ्या डिपार्टमेंटची पाच-सहा माणसं, मध्ये नावाच्या चिठ्ठ्या, एक उचलायची आणि लिहायचं: हा माणूस उद्यापासून आठवडाभर आला नाही, फोनही बंद, तर तुमच्या टेबलावर कुठल्या वारी, किती वाजता, काय अडेल? अट एकच, विशेषण नको. 'मेहनती', 'मनमिळाऊ' लिहिलं की चिठ्ठी परत. आणि वाचून झाल्यावर ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याने एक गोष्ट सांगायची जी कोणीच लिहिली नाही.

पहिली पाच मिनिटं सगळे पेन चावत बसले. खरंच सुचत नाही हो. ज्याच्याबरोबर रोज डबा खातो तो नसेल तर नक्की काय अडेल हे सांगता येत नाही. डिझाइनच्या पोराच्या हातात टूलरूमच्या काकांची चिठ्ठी आली, त्याने लिहिलं "डाय दुरुस्त होणार नाही". ट्रेनर मॅडम म्हणाल्या कुठली डाय, कधी? त्याला सांगता येईना. मग काका स्वतःच बोलले. त्यांच्याकडे एक वही आहे, लांबडी, हिशेबाची असते तसली, त्यात प्रत्येक डाय किती स्ट्रोकनंतर ग्राइंडिंगला घेतली आणि तेव्हा बर (पत्रा कापल्यावर कडेला राहणारी खरखरीत धार) किती होता ते लिहिलेलं असतं. त्यामुळे बर वाढून पार्ट रिजेक्ट व्हायच्या आधीच ते डाय खाली उतरवायला सांगतात. प्रोडक्शनला वाटायचं म्हातारा उगाच मशीन थांबवतो. क्यूसीच्या मॅडम त्याच टेबलावर होत्या, त्या म्हणाल्या, "काका, म्हणजे आमचा बरचा रिजेक्शन कमी झाला तो ह्याच्यामुळे? मी तर ऑडिटला शीटचा सप्लायर बदलला म्हणून सांगितलं होतं." काका म्हणाले, "सांगा की, मला काय." पण चेहरा बघायचा होता त्यांचा.

आमच्याकडे खंडेनवमीला सगळ्या प्रेसना झेंडूचा हार पडतो, वहीला कोणी कुंकू लावलं नव्हतं आजपर्यंत.

डिस्पॅचच्या पोराचीही अशीच गंमत. त्याला सगळे "गाडी भर रे" म्हणून हाक मारणार. त्याच्याबद्दल स्टोअरच्या दादांनी लिहिलं की शनिवारी संध्याकाळी गुजरातेत सानंदची गाडी जाते, ट्रान्सपोर्टरने ऐनवेळी ट्रक बदलला की ई-वे बिलात (माल नेताना लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल) पार्ट बी मध्ये गाडीचा नंबर बदलावा लागतो, तो नाही बदलला तर गाडी चेकिंगला अडकते, आणि हे काम तो रात्री घरून करतो. डिस्पॅचच्या पोराने पुढे एक जोडलं, की त्या बिलाची व्हॅलिडिटी २०० किलोमीटरला एक दिवस अशी मिळते, त्यामुळे घाटात गाडी बंद पडली की ड्रायव्हर पहिला फोन त्याला करतो, ट्रान्सपोर्टरला नाही. शेठ तिथेच बसले होते. त्यांना हे माहीत नव्हतं, मला तर नव्हतंच.

अकाउंट्सच्या मॅडमचं ऐकून मात्र मलाच जरा कसंतरी झालं. त्या महिन्यातून दहा वेळा येऊन विचारतात, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झाला का, मटेरियल कधी उतरलं, सही का नाही, आणि आम्ही "होईल हो मॅडम" करून घालवतो. त्यांनी सांगितलं, सूक्ष्म आणि लघु उद्योगात येणारा व्हेंडर असेल तर माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ च, आणि आपण मुदत चुकवून मार्चअखेरही थकवलेले राहिले तर तो खर्च त्या वर्षीच्या टॅक्समध्ये धरता येत नाही, पैसे देऊ त्या वर्षी धरतात. हे २०२४ पासून लागू झालंय. म्हणजे आमच्या एका न केलेल्या सहीने मुदत कधी सुरू झाली तेच त्यांना कळत नाही आणि टॅक्सची बोलणी त्यांना बसतात. वर शांतपणे म्हणाल्या, "मला हे सांगायला कोणी विचारलंच नव्हतं." ह्याच मॅडमनी वर्कशॉपचं बिल आल्यावर पहिलं काय केलं तर जेवणाची रक्कम वेगळी दाखवायला लावली, कारण त्यावर जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. मॅडम त्या मॅडमच.

या तासाची खरी मजा कुठे आहे, तर ज्यांचं काम नीट झालं की काहीच घडत नाही अशी माणसं यात वर येतात. मेंटेनन्स, क्वालिटी, स्टोअर. लाइन थांबली नाही, कस्टमरचा फोन आला नाही, तक्रारीवरचा ८डी रिपोर्ट भरावा लागला नाही, ह्याचा फोटो कसा काढणार? आमच्या गेटजवळ 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ'चा बोर्ड आहे, त्यावर कायम प्रोडक्शन नाहीतर मार्केटिंग, कारण त्यांच्या कामाला आकडा आहे. 'नसेल तर' म्हटलं की आकड्याची भानगडच राहत नाही.

एक धोका पण आहे. एका टेबलावर साहेब म्हणाले, "मग याला सुट्टीच द्यायची नाही!" सगळे हसले, पण काका हसले नाहीत, कारण त्यांच्या दोन रजा खरंच अशाच गेल्यात. ट्रेनर मॅडमनी तिथे बरोबर पकडलं. म्हणाल्या, ज्याच्यावाचून अडतं त्याच्या नावापुढे दुसरं नाव लिहा, तीन महिन्यांत त्याला काय काय यायला पाहिजे ते लिहा. आता काकांच्या शेजारी एक आयटीआयचा पोरगा बसतो आणि वहीची कॉपी झालीये. तुमच्या वर्कशॉपमध्ये हा शेवटचा भाग नसेल तर माणसाचं कौतुक होतं आणि रजा जाते, लक्ष ठेवा.

नंतर मग संध्याकाळी सगळ्यांनी सगळ्यांच्या पाठीवर कागद लावून कौतुकाचे शब्द लिहायचे असा कार्यक्रम. त्याआधी जोहरी विंडोची स्लाइड झाली, १९५५ मध्ये जोसेफ लुफ्ट आणि हॅरी इंगहॅम या दोघांनी काढलेली, आपल्याबद्दल सगळ्यांनाच माहीत असलेलं, फक्त दुसऱ्याला दिसणारं, आपण लपवलेलं आणि कोणालाच माहीत नसलेलं असे चार खण. पद्धत चांगली आहे, पण त्याच्या यादीत पन्नासहून जास्त विशेषणं असतात आणि आमच्या लोकांनी तीनच शब्द वापरले, 'हेल्पफुल', 'हार्डवर्किंग' आणि 'जॉली'. माझ्या पाठीवर सगळ्यांनी मिळून 'हेल्पफुल' लिहिलं, पीपीसीवाल्याला, म्हणजे कोणी विचारच केला नव्हता हे नक्की. दुपारी इतकं भारी काढून घेतल्यावर हे म्हणजे बासुंदीनंतर पाणीपुरी. इथून पुढचं सगळं, डीजे, ग्रुप फोटो, ट्रॉफी, मी सोडून देतो.

पॅकेजमध्ये नंतर कंपनीत येऊन अर्धा दिवसाचं एक सेशन होतं, त्यात प्रत्येकाने दुसऱ्या डिपार्टमेंटच्या माणसाशेजारी नुसतं बसायचं, मध्ये बोलायचं नाही, शेवटी प्रश्न विचारायचे. हे फुकट पण करता येईल, पण बाहेरचा माणूस उभा असल्याशिवाय आपल्याकडे कोणी अर्धा दिवस बसत नाही हेही खरं. डिझाइनचा पोरगा डिस्पॅचला बसला. आमचा एक ब्रॅकेट डावा-उजवा येतो, दिसायला जवळजवळ सारखा, एका भोकाचा फरक. डिस्पॅचचा पोरगा प्रत्येक बिनमधला पीस हातात घेऊन भोक बघतो आणि मग लेबल लावतो, हे डिझाइनला माहीतच नव्हतं. त्याचं पहिलं म्हणणं ड्रॉइंगमध्ये एक खाच देऊया, पण पार्ट बदलायचा म्हणजे कस्टमरची परवानगी, परत सगळी पीपीएपी म्हणजे पार्ट मंजुरीची कागदपत्रं, कोण करणार. शेवटी डाव्याला निळे बिन आणि उजव्याला पिवळे, प्रेसपासूनच. झालं काम. हा सगळा उपद्व्याप बघून स्टोअरचे दादा म्हणाले, निळे बिन मीच दोन वर्षांपूर्वी मागवले होते, कोणी वापरले नाहीत.

मोठी तक्रार, आणि ही ट्रेनिंगवाल्यांवर नाही तर आमच्यावर आहे: कॉन्ट्रॅक्टची पोरं आणलीच नाहीत. लातूर, नांदेड, बिहारची, प्रेसवर तीच उभी असतात, पार्ट त्यांच्या हातातून जातो. कोण काय आणतं यावर दिवसभर बोललो आणि निम्मा प्लांट रूमवर झोपलेला. मी एचआरला विचारलं तर उत्तर आलं की ते आपल्या रोलवर नाहीत. बरं मग 'नसेल तर' चा खेळ त्यांच्यावर खेळून बघा ना, सोमवारी सकाळी साडेसातलाच कळेल.

भाषेचं एक. सुरुवातीच्या स्लाइड सगळ्या इंग्लिश, 'सिनर्जी' आणि 'लिव्हरेज', टूलरूम आणि स्टोअरची माणसं हाताची घडी घालून बसलेली. दुपारी ट्रेनर मॅडम पूर्ण मराठीवर आल्या (कोथरूडची मराठी, पण चालली) आणि तिथून पुढे लोक बोलायला लागले. हिंदीवाली पोरं आणणार असाल तर हिंदी येणारा ट्रेनर मागा, लाजू नका.

खर्च माणशी दोन हजाराच्या आसपास पडला, रिसॉर्ट आणि जेवण धरून, वर १८ टक्के जीएसटी. यातला निम्म्याहून जास्त पैसा मुळशीला गेला. माझं मत, कंपनीच्या कँटीनमध्ये किंवा जवळच्या एखाद्या हॉलमध्ये करा, कामाच्या दिवशी करा, दुपारी दोन ते सहा. स्पॅगेटी ठेवा हवं तर, पोरांना मजा येते. बेल्बिन ऑब्झर्व्हर फॉर्मसकट असेल तरच. 'नसेल तर' ला एक नाही दोन तास द्या, आमच्याकडे वेळ संपला आणि चार-पाच जणांच्या चिठ्ठ्या उघडल्याच नाहीत, त्यात माझीही. आणि शेठ किंवा मालक हॉलमध्ये बसलेले असावेत पण बोलू नयेत, हे आधीच त्यांना सांगायला लावा, ट्रेनरला सांगता येतं, आपल्याला नाही.

रेटिंग पाचात साडेतीन. दुपारच्या तासाला पाच, ट्रेनर मॅडमना चार, पाठीवरच्या कागदांना एक, गुरुवारला शून्य. कॉन्ट्रॅक्टच्या पोरांसाठी प्लांटमध्येच अर्ध्या दिवसाची बॅच घ्यायची असं आता चाललंय, कोटेशन आलंय, पर्चेसवाले नेहमीप्रमाणे घासाघीस करतायत, आणि अॅडमिनच्या मॅडमनी आधीच सांगून ठेवलंय की यावेळी फोटो दुसरं कोणीतरी काढेल.